शंभर वेळा पहिल्यांदा

महादेवपुऱ्यात आमच्या भिंतीपलीकडे राहणारा हा बेळगावकडचा गृहस्थ गाणी ‘पहिल्यांदाच’ ऐकतो आणि ऐकतानाच्या आपल्या चेहऱ्याचे व्हिडिओ टाकतो. एकच गाणं त्यानं पहिल्यांदा ऐकलेलं मी भिंतीतून शंभरदा ऐकलंय! व्हिडिओत भुवया तर अशा चढतात, की पंख्यात अडकाव्यात.

“शेजारच्या काकांना आवडलं तरच मंडळाच्या कार्यक्रमात गाईन,” आमची मुलगी हटून बसली. त्याला चहाला बोलावलं. ती गायली. आता भुवया चढणार, पोरीला ते खरं वाटणार!

भुवया हलल्याच नाहीत. मुलगी रडकुंडीला आली.

“नाही आवडलं?” तिनं विचारलं.

“तसं नव्हं की, अक्का. स्वल्प थांब.” त्यानं डोळे पुसले. “परत गा.”

परत? व्हिडिओसाठी? टेबलावर त्याचा मोबाइल पालथा पडला होता. मी हळूच उलटून बघितला.

बंद होता.