त्या हाकेला ओ देऊ नये

काशाची वाटी फरशीवरून सरकल्याचा आवाज आला, की अजूनही माझा घास हातातच राहतो. निवृत्तीनंतर आम्ही चिखलीला घर केलं. उन्हाळ्यात माझ्या तळपायांची आग होते म्हणून हिने एकदा तूप चोळायला काशाची वाटी आणली. मी ती त्याच दिवशी परत करायला लावली. "सगळा जन्म चोर-दरोडेखोरांत काढला आणि वाटीला घाबरता?" असं ती म्हणाली. तेव्हा तिला जे सांगितलं तेच इथे लिहितो आहे. नावं कुणाचीच देणार नाही, कारण ती माणसं अजून त्याच गावात एकमेकांना लागून राहतात.

मी तेव्हा जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. उन्हाळ्याचे दिवस होते. सकाळची हजेरी आटोपली होती, रात्रीच्या गस्तीवरची मंडळी घरी निघाली होती आणि ठाणे अंमलदार स्टेशन डायरीत नोंदी करत होता. तेवढ्यात फोन वाजला. अंमलदाराने दोन शब्द ऐकले आणि रिसीव्हर माझ्यापुढे धरला.

बाईचा आवाज होता, दबका. "साहेब, आमच्या गावात एका बाईले लिंबाले बांधलं हाये. म्हातारा हरवला कालपासून. वाटी तिच्या दारात गेली. लवकर या, नाहीतर मारून टाकतीन तिले."

"तुम्ही कोण बोलता?" असं विचारताच फोन बंद झाला. निनावी फोन मी आयुष्यात पुष्कळ घेतले. खोटं सांगणारा पाल्हाळ लावतो, खरं सांगणाऱ्याला घाई असते. मी गाडी काढायला सांगितली.

सोबत दोन महिला शिपाई होत्या आणि त्या बीटचे हवालदार होते. हवालदार माझ्याहून वयाने मोठे, त्याच भागातले, कामाला चोख. पण 'वाटी' हा शब्द ऐकल्यापासून गप्प झाले होते. डोणगावच्या पुढे गेल्यावर मीच विचारलं, तेव्हा सांगू लागले. काशाची वाटी जमिनीवर पालथी ठेवतात. जाणता, म्हणजे मांत्रिक, तिच्यावर मंत्र टाकतो. मग पायाळू माणूस, म्हणजे जो जन्मताना पायाकडून बाहेर आला तो, तिच्यावर हात ठेवतो. वाटी त्याचा हात ओढत गल्लीबोळांतून चालते आणि गुन्हेगाराच्या दारात थांबते.

"आणि ती चुकत नाही?"

"आजवर तरी चुकली नाही म्हन्तात साहेब."

"कोण म्हणतं?"

त्यावर हवालदार खिडकीतून बाहेर पाहू लागले.

गावात शिरलो तेव्हा ऊन तापलं होतं. गल्ल्या ओस, दारं उघडी, चुली विझलेल्या. सगळं गाव लिंबाखाली जमलेलं आणि तरी आवाज कसला तो नाही. चिडलेला जमाव मी पाहिलेला होता. हा जमाव चिडलेला नव्हता, नुसता वाट पाहत होता. झाडाला एक विधवा बाई बांधलेली होती, चाळिशीची असेल. ओठ फुटलेला, मान खाली पडलेली. महिला शिपायांनी दोर सोडला तेव्हा कुणी अडवलं नाही, पण कुणी जागचं हललंही नाही.

हरवलेला म्हातारा गावातला बरा जमीनदार. आदल्या दिवशी सकाळी घरून निघाला तो परतला नव्हता. त्याचा एकुलता मुलगा पुढे आला, तर त्याला विचारलं, "मिसिंग दाखल करायला ठाण्यात का आला नाहीत?"

"आधी जाणत्याले इचारलं साहेब. त्यानं वाटी चालवली. ते ह्या बाईच्या दारात थांबली."

त्या बाईचं शेत यांच्या शेताला लागून होतं आणि बांधावरून जुनं भांडण होतं. एवढं पुरेसं झालं होतं. रात्रभर आणि सकाळभर प्रत्येकजण तिला एकच विचारत होता, "कुठं पुरलं सांग."

जाणता बाजेवर बसला होता. जटा नाहीत, भस्म नाही. स्वच्छ धोतर, गोड बोलणं, सगळ्यांची आपुलकीने विचारपूस. आमचे हवालदार त्याच्या पायांकडे वाकलेच होते, माझी नजर पडली तसे टोपी सारखी करू लागले. तेवढ्यात माझा मोबाईल वाजला. वरून फोन होता. त्या माणसाला दुखवू नका, मोठमोठे लोक त्याला मानतात. बाईला ताब्यात घ्या, कबुली घ्या, गाव शांत करा.

"होय सर. आधी हरवलेला माणूस शोधतो," मी म्हणालो आणि फोन खिशात टाकला. आमच्या खात्यात 'होय सर'च्या पुढे एक वाक्य जोडता येतं, हे फार थोड्यांच्या लक्षात येतं.

मग मी जाणत्याला म्हणालो, "मला वाटी चालवून दाखवा."

"साहेब, हा खेळ नाही," तो हसून म्हणाला. "पायाळू लागते. काल यांच्या सुनेनं हात ठेवला होता."

मुलाची बायको डोक्यावरचा पदर धरून बायकांच्या मागे उभी होती. चेहरा पांढराफटक. मी म्हणालो, "मीही पायाळू आहे. आई सांगायची." हे खरंच होतं. जाणत्याचं हसू जरा कमी झालं.

आता जे झालं ते जसंच्या तसं सांगतो. मी उकिडवा बसलो आणि पालथ्या वाटीवर तळहात ठेवला. जाणत्याने पुटपुटायला सुरुवात केली. मनात मी त्याला शिव्या घालत होतो. थोडा वेळ काही झालं नाही. मग हाताखाली कसलीशी थरथर जाणवली आणि वाटी सरकली. मी ढकलली नाही, आजही शपथेवर सांगेन. ती खरडत निघाली, खर्र, खर्र, आणि मी तिच्यामागे ओणवा चालत राहिलो. मागे शेकडो पावलं आणि एकाही तोंडातून शब्द नाही. माझ्या मानेवरचा घाम गार पडला होता. वाटी एका वळणावर रेंगाळली, डावीकडे वळली आणि एका फाटकाला टेकून थांबली. मी वर पाहिलं. ते त्या हरवलेल्या म्हाताऱ्याचंच घर होतं.

मुलगा मटकन खाली बसला. लोकांची नजर बाईवरून त्याच्यावर गेली, आणि ती नजर तीच होती. कुणीतरी दोर उचलल्याचंही मी पाहिलं.

तेव्हा ती सून पुढे आली. एवढ्या लोकांसमोर बोलायची सवय नसलेली पोरगी, पण बोलली. "साहेब, आता माह्या मालकाले बांधता काय?"

तो आवाज मी ओळखला. सकाळचा फोन तिचाच होता.

"काल हात माहा होता," ती म्हणाली. "म्या ढकलली नाही. पन रातभर इचार करून राह्यली. घरात सारे तिचंच नाव घेत होते, माह्याही मनात तेच होतं. वाटी तिच्याच दारात काऊन गेली मग? आन तुमच्या हातानं आमच्याच दारात काऊन आली?"

मला उत्तर माहीत होतं. गावात पाय ठेवल्यापासून माझा संशय मुलावर होता. जमीन बापाच्या नावावर, आणि तक्रार द्यायला हा आला नाही. पोलिसाचं डोकं तिकडेच जातं. माझ्या मनात जे होतं तिथेच माझा हात गेला, आणि तो माझा हात आहे हे मलाही कळलं नाही. त्या भर उन्हात मला खरी भीती कशाची वाटली असेल तर याची. वाटीचं सोडा, माझ्या हाताखाली तर कोठडी होती, आणि वर कबुली घ्या म्हणणारे साहेब होते.

मी वाटी उचलून पंचांसमोर जप्त केली. मग त्या विधवा बाईजवळ गेलो. तिला पाणी दिलं होतं. "बाई, तुम्ही काय केलं ते मी विचारत नाही," मी म्हणालो. "काल तुम्ही काय पाहिलं ते सांगा."

तिने मान वर केली. "पाह्यलं ना साहेब. तेच तं सांगून राह्यली कवापासून. म्हातारा बांधावरून गेलता, हातात दोर अन बादली. म्या म्हनलं कुठं चालले, तं म्हने जुन्या इहिरीले पानी किती हाये ते पाहून येतो. पोरगा ते इहीर उपसू देत नाही म्हने, मीच पायतो."

"हे यांना सांगितलं नाही?"

"कोनी इचारलंच नाही. सारे इचारत, कुठं पुरलं."

जुनी विहीर म्हणताच माझ्याभोवतीचं लोकांचं कडं मागे सरकलं. ती विहीर झपाटलेली आहे असं गाव पिढ्यान् पिढ्या मानत होतं. तिकडून नावाने हाक येते, विशेषतः भर दुपारी. त्या हाकेला ओ देऊ नये. माणूस असेल तर तो समोर येईल, समोर आला नाही तर तो माणूस नव्हे. ओ दिली की ज्याने ओ दिली तो जातो. म्हातारा मात्र ही सगळी थेरं म्हणून उडवून लावायचा. उन्हाळ्यात पाणी आटलं की विहीर उपसू म्हणायचा, आणि जाणत्याने नको सांगितलं म्हणून मुलगा अडवायचा.

मी मुलाला धरून उभं केलं. "तिकडे शोधलं का?"

त्याने शेताकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "आवाज येते साहेब तिकून. कालपासून. आबाचाच आवाज. माहं नाव घेऊन बलावते. म्हनून तं आमाले समजलं का आबा गेला."

"ओ दिली का?"

"ओ कशी देनार साहेब?"

आम्ही निघालो. गाव शेताच्या बांधापर्यंत आलं आणि तिथे थांबलं. बांधावर शेंदूर फासलेला दगड होता, त्याच्यापुढे कुणी पाऊल टाकेना. पुढे मी, हवालदार, आणि न सांगता आलेली ती सून. मुलगा दगडापाशीच उभा राहिला. विहिरीभोवती बोरीबाभळी माजल्या होत्या. पाखरू नाही, वारा नाही. काठाचा एक भाग ढासळलेला दिसला, माती ताजी होती. मी आत डोकावलो तर उन्हाने दिपलेल्या डोळ्यांना नुसता काळोख. मी हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. माझाच आवाज खालून वेगळा होऊन वर आला.

मी पाठ फिरवणार तेवढ्यात खालून कुणीतरी त्या सुनेचं नाव घेतलं. घोगरा, ओढलेला, माणसाचा वाटू नये असा आवाज. मागे बांधावर बायका रडू लागल्या. हवालदारांनी माझं मनगट पकडलं. "साहेब, ओ देऊ नका. तिलेही देऊ देऊ नका." खोटं कशाला बोलू, त्या क्षणी माझ्याही तोंडून शब्द फुटला नसता.

ती पोरगी काठाशी गुडघ्यावर बसली. दोन्ही हात मातीत रोवले आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सासऱ्याला म्हणाली, "ओ, मामाजी! मी हावो!"

खालून रडण्याचा आवाज आला.

मग मात्र त्या दगडाची कुणाला आठवण राहिली नाही. गडी धावले, चऱ्हाटं आली, बाजेला दोर बांधून ती खाली सोडली. म्हातारा गुडघाभर गाळात, एका कपारीला धरून बसला होता. पाय मांडीतून मोडलेला. माणूस असेल तर समोर येईल, हे सारं गाव धरून बसलं होतं. पाय मोडलेला माणूस समोर येणार कसा, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. बाज वर आली तेव्हा म्हाताऱ्याने आधी पाणी मागितलं नाही. मुलाकडे पाहून तो म्हणाला, "तू त्या बांधाच्या धुऱ्यावर उभा होता काल. म्या पाह्यलं नाही, पन खोकला तुहाच होता. नाव घेऊन घेऊन बलावलं तुले. ओ काऊन नाही देली बे?"

मुलाने बापाचे पाय धरले, तर मोडक्या पायाला लागून म्हातारा ओरडला. त्या ओरडण्याने मला जितकं बरं वाटलं तितकं क्वचितच कशाने वाटलं असेल.

जाणत्यावर आणि बाईला बांधणाऱ्यांवर गुन्हा दाखल केला. वरून पुन्हा फोन आला, तेव्हा मी "होय सर, दाखल झाला आहे" असं सांगितलं. गाडीत बसताना जाणता शांतपणे म्हणाला, "पण साहेब, वाटी खरीच ठरली ना? म्हातारा कुठं गेला हे गावात एकट्या तिलेच माहीत होतं. वाटी तिच्याच दारात थांबली." अर्धं गाव पुढे हेच सांगत राहिलं, आणि खरं सांगायचं तर काही रात्री मलाही त्या वाक्याने झोप लागली नाही. पण उत्तर मला ठाऊक आहे. दारापर्यंत सगळे गेले होते. दारातल्या बाईला विचारलं कुणीच नव्हतं. ती बाई पुढे देऊळघाटला भावाकडे काही महिने राहिली आणि मग परत येऊन आपली जमीन कसू लागली. म्हातारा लंगडत का होईना तिच्या बांधावर जाऊन बसतो, असं हवालदारांकडून कळलं.

त्यानंतर माझ्या ठाण्यात कुणी संशयित समोर बसला, की मी आधी माझे हात टेबलाखाली घ्यायचो. शिपायांना ही माझी खोड वाटायची. जे सगळे सांगतात, जे वरून येतं, जे आपल्या मनाला आधीच पटलेलं असतं, ते तपासायला एक साधा प्रश्न लागतो, आणि तो विचारताना तोंडाला कोरड पडते. त्या पोरीच्या तोंडालाही पडली असणार.

आता चिखलीत दुपारी सगळी आळी झोपलेली असते. कधीतरी फाटकाबाहेरून कुणी माझं नाव घेतं आणि खिडकीतून पाहावं तर समोर कुणी दिसत नाही. अंगावर काटा येतो, अजूनही येतो. पण मी उठतो, दार उघडतो आणि ओ देतो.