विहिरीजवळचा वाफा

काल सोसायटीच्या माळ्याने कुंड्यांत युरिया टाकला आणि त्या उग्र वासाने मला नव्वदच्या दशकातल्या खारघरच्या नदीकाठी नेऊन उभं केलं. तेव्हा मी फ्लॅटमध्ये नव्याने राहायला आलेली, स्वतःला मोठी हेर समजणारी बाई. नदी शेवाळाने हिरवी झालेली, काठाला मेलेले मासे, आणि माझी लेक नुकती पालकाचं वरण खायला लागलेली.

"कंपनीवाले नदीत घाण पाणी सोडतात ना?" काठच्या मळ्यात पालक खुडणाऱ्या आमच्या भाजीवाल्या बेबीताईला मी दरडावलं.

"कंपनी तर खाली खाडीकडं हाय, वयनी. तिचं पानी हितं वर कसं येल?" ती हसली. "पयले पावसाळ्यात भात लावायचो, बस. आता तुमाला बारा महिने भाजी पायजे, ती पन हिरवीगार."

वाफ्यांतलं खताचं पाणी चरातून सरळ नदीत उतरत होतं, शेवाळ त्यावरच माजलेलं. फिकट जुडी नाक मुरडून परत करणाऱ्या हेरबाई कोण, तर आम्हीच! तेवढ्यात विहिरीजवळ वेगळा वाफा दिसला, किडीने खाल्लेल्या फिकट पानांचा.

"हा कुणाचा?"

"घरचा. त्याला खत नाय."

"मग मला त्यातलीच दे. माझ्या लेकीसाठी."

बेबीताईने आता माझ्याकडेच संशयाने पाहिलं.

"आनि माज्या लेकीला?"