भावजींचं विमान

त्या सकाळी मळ्यात आम्ही पाच माणसं होतो. मी, भावजी, भावजींची सून सुलभा, तिला न्यायला आलेला तिचा बाप शिवराम आणि देवळातला बाबल गुरव. सहावं ते विमान. त्याला माणसांत धरायचं की नाही ते तुम्ही ठरवा. त्या पाचांतले गावात आता मी आणि गुरव दोघंच उरलो, आणि गुरवाला ऐकू येत नाही. म्हणून मीच सांगते.

भावजींचं नाव सांगत नाही. ते माझे सख्खे दीर नव्हेत, शेजारी. पण पेडण्याकडचे असाल तर तुम्ही त्यांना बघितलेलं असणार. शापोऱ्याच्या नदीवर पूल नव्हता तेव्हा फेरीबोटीवर दोर फेकायचे ना, तेच. पाय फाकून उभे, हात कमरेवर, नाक वर करून वारा हुंगत असायचे. मग म्हणायचे, "वारो पडांदे, मगे बघूया."

फेरी कधी सुटणार विचारा, तेच, वारा पडू दे. जेवायला बसता का विचारा, तेच. त्यांची बायको होती तेव्हा लग्नाआधीची गोष्ट हसून सांगायची, "माका बघूक येवक सुदीक ह्यांचो वारो पडणा नाय होतो."

फेरीत कोणी कुठे उभं राहायचं ते भावजी ठरवत. नुसत्या डोळ्यांनी त्यांना भार कळायचा. एकदा मोरजीची एक नुस्तेकान्न, मासळीवाली, पाटी घेऊन डाव्या बाजूला बसली. भावजी म्हणाले, "गे बाये, हय सर. तुझ्या बांगड्यांनी फेरी कलांडतली." ती म्हणाली, "बांगडे हलके आसत, तुझी जीभच जड." सगळी फेरी हसली. पण पाटी तिने सरकवली. भावजींनी सांगितलं की सरकायचं, मग दुचाकी असो की जमिनीचा मालक भाटकार असो.

त्यांना एकच मुलगा, दिगू. गोव्याचं राज्य झालं त्या वर्षी जन्मलेला. बारका होता तेव्हा फेरीच्या पुढे उडी टाकून नदी पार करायचा. मोठा झाल्यावर बार्जीवर लागला. डिचोलीकडच्या जेटीवर खनिज भरायचं, मुरगावला नेऊन ओतायचं, परत यायचं. तिकडेच सुलभा भेटली. तिचा बाप बेळगावकडचा, गवंडीकामासाठी डिचोलीला येऊन राहिलेला. लग्न झालं. सून घरी आली. त्याच्या आधीच भावजींची बायको गेली होती, तर घर पुन्हा घरासारखं दिसायला लागलं.

सुट्टीच्या दिवशी दिगू मोरजीच्या रेतीवर जायचा. तिथे एक रशियन म्हातारा हातात बटणांची पेटी धरून फोमचं विमान उडवायचा. दिगूची आणि त्याची दोस्ती झाली, भाषा एकमेकांची कळत नव्हती तरी. म्हातारा देशी परत जाताना एक नवा खोका दिगूला देऊन गेला. आत तसलंच विमान, सुटं सुटं, जोडायचं होतं, आणि त्याची बटणांची पेटी. दिगूने आम्हाला खोक्यावरचं चित्र दाखवलं. पिवळं विमान, पंख डोक्यावर, आणि चाकं ही एवढी, पेरवासारखी फुगलेली.

"बाबा, ह्या जातीचा विमान खंयय उतारता. तेका विमानतळ नको. शेत चलता, रेती चलता, दगड चलतत."

"जोडूया मगे?"

"माझी सुट्टी पडांदे," दिगू म्हणाला. बापाचीच नक्कल. खोका माळ्यावर गेला.

पाऊस लागायच्या थोडं आधी बार्ज मुरगावला रिकामी करून परत फिरत होती. दिगू दोर सोडायला गेला आणि पाण्यात पडला. बघितलेला एकच माणूस, तोही म्हणाला की पडताना बघितला, मग नाही दिसला. होड्या फिरल्या. काही मिळालं नाही. चप्पल सुद्धा नाही.

भावजी मुरगावला गेले ते दाढी वाढवूनच परत आले. सोप्यावर बसले आणि मुलाच्या पोहण्यावर विसंबून म्हणाले, "माझो झील कसो पवता ता ह्या नदीक इचारा. खंयच्या तरी जहाजान उचललो आसतलो."

माझा नवरा गेला तेव्हा मी तरणी होते. काजूच्या कारखान्यात बिया फोडून पोरं वाढवली, हात काळे ते अजून काळेच. पण माझ्या माणसाला मी बघितलं, पायाला हात लावला, रडले, उठले. सुलभाला तेवढंही नव्हतं. ती कुंकू लावायची आणि लावताना आरशात बघायची नाही.

गोष्ट एवढीच होती. दिगू आहे म्हणायचं की गेला म्हणायचं. गेला म्हटलं तर कार्य करायचं, दर्भाचा माणूस करून त्याला अग्नी द्यायचा. आहे म्हटलं तर सुलभाने वाट बघायची, किती ते कोणाला ठाऊक. एक पाऊस गेला, दुसरा गेला. गावातले म्हणायचे, कार्य करा, त्याला तिकडे तहान लागत असेल. भावजी म्हणायचे, "वारो पडांदे."

अंगणात कावळा बसला की दगड घेऊन धावायचे. "हय कोण मेलो नाय! जा थंय!" पोदेर, पाववाला, सकाळी यायचा तर दिगूचेही पाव घ्यायचे. संध्याकाळी ते शिळे पाव स्वतः चहात बुडवून खायचे, पण अंगणात टाकायचे नाहीत. कावळा खाईल म्हणून. म्हातारा मनुष्य हातात दगड घेऊन माडाकडे बघत उभा, हे मी रोज माझ्या घराच्या जनेलातून बघायची. बोलून काय करणार?

मग एक दिवस त्यांनी तो खोका खाली काढला.

माझ्याच सोप्यावर जोडायला बसले, कारण त्यांच्या घरात उजेड कमी. सुलभा बारावी शिकलेली, ती इंग्रजी कागद वाचून सांगायची. भावजी धड घ्यायचे, शेपूट बसवायचे, बारीक तारा ओवायचे. दोर बांधून बांधून बोटं जाड झालेली, तार धरता यायची नाही. मला म्हणायचे, "वयनी, हय बोट धरा." मी धरायची. किती दिवसांनी त्या दोघांना काहीतरी करताना बघितलं.

पंखाचे दोन तुकडे जोडायचे होते. डिंक सुकून गेला होता. भावजींनी जन्मभर होडीचं रबर आणि सायकलीची ट्यूब ज्याने चिकटवली ते पंक्चरचं सुलेशन आणलं आणि उजव्या पंखाला भरपूर फासलं. बघता बघता फोम विरघळला. गरम तव्यावर लोणी जातं तसा. तळहाताएवढं भोक पडलं.

भावजी तसेच बसले. "दिगूचा होता," म्हणाले. "दिगूचा होता गे, आणि मी खाल्लंय."

सुलभा उठली. बाजारातून मासळीची थर्मोकोलची फुटकी पेटी घेऊन आली. तिचा तुकडा कापला, आकाशकंदिलाला करतो तशी मी मैद्याची खळ केली, आणि आम्ही ठिगळ लावलं. पिवळ्या पंखावर पांढरं ठिगळ. वास बांगड्याचा. सुलभा म्हणाली, "आता मांजरं मागं लागतील ह्याच्या." भावजी हसले. मोजून ठेवलेल्या पैशांसारखं ते हसणं मी धरून ठेवलंय.

जोडून झालं. कागदात लिहिलं होतं, उडवायच्या आधी दोन बोटांवर तोलून बघा. भावजींनी तोललं. उजवा पंख खाली गेला. पुन्हा तोललं, पुन्हा उजवाच.

"मामा, खळ जास्त झाली. डाव्या टोकाला काहीतरी जड लावू?" सुलभाने सासऱ्यांना विचारलं.

"रवांदे," भावजी म्हणाले आणि तसंच राहू दिलं.

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. बांगड्याची एक पाटी इकडची तिकडे झाली तर ज्यांना कळायचं, तेच हे. सुलभाने पण बघितलं.

मळ्यात कापणी झाली होती. सकाळी सकाळी भावजी विमान कापलेल्या भाताच्या धसांवरून नुसतं पळवायचे, माणसाच्या उंचीएवढं उचलायचे, परत टेकवायचे. मोठी चाकं उड्या मारत यायची. सुलभा म्हणायची, वर न्या ना. ते म्हणायचे, "वारो पडांदे."

अशात शिवराम आला. वाईट माणूस नव्हे तो. सोप्यावर बसून पाणी प्यायला आणि म्हणाला, "व्याही, पोरगी माझी वाळून चालली की ओ. काय ते एकदा ठरवा. है म्हणा नाहीतर न्हाई म्हणा. मी घेऊन जातो तिला."

भावजी म्हणाले, देवाला विचारू.

आमच्याकडे देवाचा कौल लावतात. देवाच्या अंगावर पाकळ्या चिकटवायच्या, गुरवाने गाऱ्हाणं घालायचं, आणि बघत बसायचं. उजवी पाकळी पडली तर हो, डावी पडली तर नाही. बाबल गुरवाने गाऱ्हाणं घातलं. आम्ही बसलो. दुपार झाली. एकही पाकळी सुटली नाही. गुरव घाम पुसत म्हणाला, "देव काय बोलणा नाय."

"देव बोलणा नाय तर विमान बोलात," भावजी म्हणाले. "उद्या सकाळी वर नेतंय आणि हात सोडतंय. उजवीकडे वळला तर दिगू आसा. डावीकडे वळला तर कार्य."

"अरे, तो देवाचो कौल. ह्यां खेळणा!" गुरव ओरडला.

"दिगून आणलेला आसा. तेचा तेकाच ठावक."

म्हणून आम्ही पाच माणसं त्या सकाळी मळ्यात. गुरव येणार नव्हता, पण आला. नदी आमच्या डाव्या हाताला, पलीकडे खारफुटीचं कांदळ. धुकं नुकतंच उठलं होतं आणि वारा खरंच पडला होता, माडाचं पातं हलत नव्हतं.

भावजींनी बटणांची पेटी गळ्यात घातली. विमान धसांवरून उड्या मारत पळालं आणि उठलं. वर गेलं, माडांच्या वर गेलं. सुलभाने तोंडावर पदर धरला. एवढं सुंदर काही मी बघितलं नाही हो. पिवळं, आणि ऊन त्याच्या पोटावर. लांब जाऊन ते वळलं आणि आमच्याकडे तोंड करून यायला लागलं. तेव्हा भावजींनी दोन्ही हात पेटीवरून काढले आणि वर धरले, देवळात धरतात तसे.

विमान थोडा वेळ सरळ आलं. मग एक पंख हळूच खाली झुकला, आणि ते नदीकडे वळलं.

"डावीकडं गेलं," शिवराम म्हणाला. "डावीकडं गेलं की ओ व्याही."

"उजवो!" भावजी ओरडले. "तुमच्या डावीकडे! तेचा तोंड आमच्याकडे आसा. देव समोर आसता तेव्हा उजवो हात देवाचो धरतत, आपलो न्हय. बाबल, सांग! जल्मभर सांगतस ता सांग!"

शिवराम बाहेरगावचा, त्याला कसं कळणार. आम्ही गुरवाकडे बघितलं. त्याने सुलभाकडे बघितलं, मग जमिनीकडे.

"उजवो," तो म्हणाला.

"उजवो! झील आसा माझो! खंयय उतारता तो!" भावजींनी गुरवाला मिठी मारली.

विमान नदीवर गेलं होतं. झुकतच चाललं होतं. सुलभा हाका मारत होती, "मामा, वळवा! मामा, पेटी धरा!" त्यांनी धरली, पण विमान तोंड फिरवून गेलेलं, कुठलं डावं आणि कुठलं उजवं त्यांना कळेना. विमान पलीकडच्या कांदळाच्या मागे उतरलं. पडल्याचा आवाज सुद्धा नाही आला.

आम्ही वाट बघितली. कशाची, ते सांगता येत नाही.

मग सुलभा त्यांच्याजवळ गेली. ठिगळाबद्दल ती बोलली नाही, जड पंखाबद्दल बोलली नाही. नुसतं म्हणाली, "उजवं असू दे, मामा. पण परत कुठं आलं?"

भावजी बांधावर बसले. नाक वर करून वारा हुंगला, जन्माची सवय. मग मला म्हणाले, "वारो पडलो, वयनी. कार्याचा बघूया."

दहाव्याला नदीच्या काठी पिंड ठेवला. कावळा येईना. माडावर बसलेले होते सगळे, खाली कोणी उतरेना. येणार कसे? दोन पावसाळे त्या माणसाने त्यांना दगड मारलेले. भावजी हात जोडून माडाखाली उभे राहिले. "ये रे. ये बाबा. आता नाय मारणंय. ये." ते जवळ जातील तसे कावळे उडून लांब बसायचे. शेवटी सुलभाने त्यांचा हात धरला आणि त्यांना मागे भिंतीच्या आड नेऊन उभं केलं. तिथून त्यांना पिंड दिसत नव्हता.

मग एक उतरला.

सुलभा बापाबरोबर गेली. जाताना भावजींनीच तिला गाडीत बसवलं, पिशवी डाव्या बाजूची उजव्या बाजूला सरकवून ठेवली. तिचं पुढे बरं झालं, ऐकते.

त्यानंतर भावजी ओहोटी लागली की होडी मागून कांदळात जायचे. चिखलात गुडघ्यापर्यंत उतरून शोधायचे. मी म्हणायची, "भावजी, पुरे झालं." ते म्हणायचे, "खंयय उतारता ता. म्हणान सगळीकडे बघूचा लागता." पावसाच्या तोंडाला ताप भरला आणि त्यातच गेले. त्यांना अग्नी माझ्या मुलाने दिला. कावळा लगेच आला.

बटणांची पेटी माझ्याकडे आहे, फडक्यात गुंडाळून. विमान अजून सापडलं नाही.

म्हणून तुम्हाला सांगते. तुम्ही शापोऱ्याच्या काठाने, कांदळात, मोरजीच्या रेतीवर कुठे गेलात, आणि फोमचं पिवळं विमान दिसलं, मोठ्या चाकांचं, उजव्या पंखाला पांढरं ठिगळ असलेलं, तर ते कचऱ्यात टाकू नका, जाळू नका. आणून देता आलं तर द्या. नाही जमलं तर निदान उलटं पडलेलं असेल ते सरळ करा आणि चाकांवर उभं करून ठेवा.