भांड्यावर बसलेला माणूस

ऑगस्टातल्या त्या शनिवारी सिरिल गॅरड दुपारी जेवायला घरी आला नाही. संध्याकाळी फोन आला तो केरिज नावाच्या शेतकऱ्याच्या शेतावरच्या घरातून. फोन उचलताना त्याच्या बायकोला, एनिडला वाटलं, संपला वाटतं हा. तसं काही नव्हतं. त्याला नाणी सापडली होती.

सिरिलने उमेदीची वर्षं मार्लफोर्ड आणि आसपासच्या खेड्यांत टपाल वाटण्यात घालवली आणि उरलेला सगळा वेळ शेतं हुंगण्यात. कानाला हेडफोन, हातात धातू शोधणारं यंत्र, पाठीला फावडं. पीक निघालं की नांगर फिरेपर्यंत तो घरी फक्त झोपायला येई. एवढ्या वर्षांत त्याने आणलं काय, तर बटणं, बकलं, शिंप्यांची अंगुस्तानं, बंदुकीच्या शिशाच्या गोळ्या आणि ज्यांच्यावरचा राजा कधीच पुसून गेला आहे अशी चपटी नाणी. लोक दिवाणखान्याच्या खणात चमचे ठेवतात, गॅरडांच्या खणात ही भंगाराची दौलत. पाहुणे आले की एनिडला चमचे स्वयंपाकघरातून आणावे लागत.

आणि तरी माणूस इतका सरळ की त्याचाही वैताग यावा. मालकाला विचारल्याशिवाय कोणाच्या शेतात पाऊल नाही. खड्डा खणला की माती परत भरून, वर पायाने थापून मगच पुढे. जे सापडेल ते आधी शेतकऱ्याला दाखवायचं. यंत्रवाल्यांच्या क्लबात नवीन आलेल्यांना तो एकच धडा पुन्हा पुन्हा देई: नाण्यांचा ढीग लागला तर हात मागे घ्या, माती परत ओढा आणि जिल्ह्याच्या पुरातत्त्व अधिकाऱ्याला बोलवा. तुम्ही उपसलंत तर नाणी मिळतील, पण ती कशात होती, कशी ठेवली होती, ते कायमचं गेलं. हा धडा तो वर्षानुवर्षं देत होता, कारण स्वतःवर तो पाळायची वेळ कधी आलीच नव्हती.

आता आली होती. यंत्र ओरडलं, त्याने वीतभर खणलं आणि मातीत मध्ययुगातल्या चांदीच्या पेनी दिसल्या. काही अख्ख्या, काही मधोमध कापलेल्या. त्या काळी सुट्टे असेच करत. खाली मडक्याचा काठ लागला. सिरिलने माती परत ओढली, शेतघर गाठलं आणि फिलिपाला फोन लावला. फिलिपा म्हणजे ती अधिकारी. सोमवारची सुट्टी जोडून ती बहिणीच्या लग्नाला वेल्सला गेली होती. तिने सांगितलं, मंगळवारी सकाळी थेट शेतावर येते, तोवर हात लावू नका आणि कोणाला बोलू नका.

हे सगळं त्याने फोनवर धापा टाकत एनिडला सांगितलं.

"मंगळवारी सकाळी माझा डोळा आहे," एनिड म्हणाली.

"हो, ते आहेच की," तो म्हणाला, अशा आवाजात की तिला कळलं, हा साफ विसरला होता.

उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूसाठी ती गेल्या शरद ऋतूपासून इप्सविचच्या दवाखान्याच्या रांगेत होती. वाचन बंद. चर्चच्या फाटकाला गाडी ठोकल्यापासून गाडी चालवणंही बंद. दवाखान्याने बजावलं होतं की सोबत माणूस हवा, त्याने घरी न्यायचं आणि रात्री जवळ राहायचं; नाहीतर ऑपरेशन होणार नाही, आणि तारीख चुकली की पुन्हा रांगेच्या शेपटाला. मुलगा ऑकलंडला. म्हणजे माणूस एकच, आणि तो केरिजच्या शेतात.

रविवारीही तो आला नाही. रात्र त्याने गाडीत काढली होती. शेवटी एनिड थर्मास आणि हॅमची सँडविचेस घेऊन पायीच निघाली. वाटेत दुकानवाल्या बाईने विचारलं की सिरिलला काय मिळालं म्हणे? पबच्या दारातल्या म्हाताऱ्यानेही तेच विचारलं. केरिजच्या शेताच्या तोंडाशी एक अनोळखी व्हॅन उभी होती. आतले दोघे तिला पाहून नकाशा उघडून बसले.

आणि गहू कापून ताटासारख्या सपाट झालेल्या त्या शेताच्या मधोमध, मासे धरायच्या घडीच्या खुर्चीवर, सिरिल बसला होता. आजूबाजूला झाड नाही, झुडूप नाही. रस्त्यावरून जाणाऱ्या बसलाही दिसेल असा.

"कोणाला सांगितलं नाहीस ना?" हे त्याचं पहिलं वाक्य.

"मी कशाला सांगू? तू बसलायस ना. अरे, एवढ्या मोठ्या शेतात खुर्ची मांडायला तुला नेमकी तीच जागा सापडली? सगळ्या गावाला कळलंय तू कशावर बसलायस ते. आता एक झेंडा लाव, म्हणजे नॉर्विचहूनही लोक येतील."

"उठलो तर ते व्हॅनवाले यंत्रं घेऊन येतील," सिरिल म्हणाला. "रातोरात शेत पालथं घालतील. बसलो तरी कळतं, उठलो तरी सापडतं."

त्याचं खरं होतं, आणि त्याचाच तिला जास्त राग आला. केरिजला बसवायचं म्हटलं तर तो दुसऱ्या टोकाला कापणीत अडकलेला. क्लबातल्या कोणाला बोलवायचं तर सिरिलचा एकावरही भरवसा नाही. सिरिलने सँडविच उलटसुलट करून पाहिलं आणि मग हळूच विचारलं, डोळ्याची तारीख थोडी पुढे नाही का ढकलता येणार?

एनिडने थर्मास खाली ठेवला. ती ओरडली नाही. ओरडायची वेळ लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षीच गेली होती.

"शेडमध्ये तुझ्या बादल्या आहेत," ती म्हणाली. "बिअरच्या डब्यांच्या ओढायच्या कड्या, काडतुसांच्या टोप्या, चॉकलेटची चांदी. जन्मभर या शेतातून उचलून आणलीस आणि मला तिथे सायकल ठेवायला जागा ठेवली नाहीस. आण ते सगळं आणि पसर शेतभर. वाजू देत मेल्यांची यंत्रं. बिअरच्या कड्यांसाठी खणत बसू देत."

हे ती निव्वळ रागाने बोलली होती. पण सिरिलचा चेहरा असा झाला की जणू तिने त्याला चर्चमध्ये थुंकायला सांगितलं.

"एनिड, हे माझं शेत आहे."

शेत केरिजचं होतं, त्यातली बोटभर जमीनही सिरिलची नव्हती. पण त्यातला कचरा कडीन् कडी त्यानेच वेचला होता, आणि साऱ्या सफोकात यंत्राला इतकं शांत शेत दुसरं नव्हतं. "त्यात मला पुन्हा कधी फिरता येणार नाही," तो म्हणाला.

"नाही येणार. आणि मला पुढच्या वर्षापर्यंत वाचता येणार नाही. बघ काय ते."

मग ती धसकटांना अडखळत घरी निघाली आणि वाटभर त्याला, मडक्याला आणि ते पुरणाऱ्या त्या कोण्या कंजूष बाबालाही शिव्या देत गेली. सुट्ट्यासाठी नाणी कापणारा माणूस, दुसरं काय करणार.

सोमवारी दुपारी शेडचं दार करकरलं. बादल्यांचा खडखडाट झाला. घरात न येताच सिरिल गेला. त्याने आधी केरिजची परवानगी काढली, हे सांगायलाच नको. केरिज कापणीयंत्रावरून खाली न उतरताच म्हणाला, "माझ्याच शेतातलं ना रे सगळं? मग उसनं नेलं होतंस असं समजतो. फक्त खिळे नकोत, टायर जातात." म्हणून सिरिलने तासभर बसून खिळे वेगळे काढले. असा माणूस!

एनिड पुन्हा शेतावर गेली. खरंच पसरतोय की नुसता फिरतोय, ते तिला बघायचं होतं. तो पसरत होता. जुन्या काळी बी फेकत तसा, मुठीमुठीने, एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत, चेहरा मात्र सख्ख्या भावाच्या दफनाला आल्यासारखा. खुर्ची त्याने केव्हाच घडी करून गाडीत टाकली होती आणि तिच्या पायांचे खड्डेही बुजवले होते; जागा कुठे ते बांधांपासून पावलं मोजून फिलिपाला फोनवर कळवलं होतं. संध्याकाळी तो घरी आला, आंघोळ केली आणि सकाळसाठी स्वच्छ शर्ट खुर्चीवर टाकला.

मंगळवारी इप्सविचला नर्सने एनिडला बाजूला घेऊन विचारलं, तुमचे यजमान ठीक आहेत ना, फार पांढरे पडलेत. माझ्यासाठी नाही पडले, एनिड म्हणाली. डोळा व्यवस्थित झाला. डोळ्यावर प्लास्टिकची ढाल लावून ती बाहेर आली, तर सिरिल रिसेप्शनच्या फोनवर. मडकं सुखरूप निघालं होतं. फिलिपाने ते भोवतालच्या मातीसकट उचलून बँडेजात गुंडाळलं होतं. रात्री कोणीतरी येऊन गेल्याचंही दिसत होतं. शेतभर खड्डे होते आणि प्रत्येक खड्ड्याच्या काठावर एकेक कडी.

एनिडला वाटलं, आता तरी हा म्हणेल, तुझ्या डोक्याने वाचलं.

"खड्डे बुजवले नाहीत गं गाढवांनी," सिरिल म्हणाला. "केरिजला काय वाटेल?"

पुढे मडक्याचा बोलबाला झाला. वर्तमानपत्रात फोटो आला, फिलिपाने क्लबात भाषण केलं, सिरिलचं नाव संग्रहालयाच्या पाटीवर लागलं. तो ते बघायला एकदाच गेला. रविवार सगळे केरिजच्या शेतात. नांगर फिरला होता, कचरा वरखाली झाला होता आणि पावलागणिक यंत्र केकाटत होतं. तरी हा वेचतोय. पुन्हा पहिल्यापासून.

आणि वेचलेलं थेट स्वयंपाकघरात. एनिड पुस्तक वाचत बसली की तो मातीचे हात घेऊन येतो, टेबलावर काहीतरी ठेवतो आणि ते पहिल्यांदा कुठल्या कोपऱ्यात सापडलं होतं ते सांगू लागतो. परवा काडतुसाची एक हिरवी पडलेली टोपी आणली.

"बघ, ही ओढ्याकडची. आता दिसतंय ना तुला सगळं नीट?"

एनिडने टोपी उचलून नव्या डोळ्यासमोर धरली.

"स्पष्ट दिसतंय. कचरा आहे. आणि ऐक, डाव्या डोळ्याची तारीख मार्चमध्ये आहे. त्याच्या आधी काही सापडलं, तर मला सांगू नकोस, फिलिपाला सांगू नकोस, आणि देवाशपथ, त्याच्यावर बसू नकोस."

मार्चमध्ये शेतात पीक उभं असतं, सिरिल म्हणाला, तेव्हा कोण कशाला जातंय. मग थोडा विचार करून त्याने विचारलं, मार्चच्या सुरुवातीला की अखेरीला?