अकरा नावांची अट

भीमराजचं सगळं आयुष्य साच्यांत गेलं. वीस वर्षं भोसरीच्या टूलरूममध्ये लोखंडाचे साचे घासले. कारखान्याला टाळं लागल्यावर चाळिशी ओलांडलेला हा गडी पोरासोरांच्या शेजारी बसून कॉम्प्युटर शिकला, आणि आता आकुर्डीतल्या एका लहानशा ऑफिसात वेबपेजचे साचे लिहितो. नातेवाइकांनी टिंगल केली. केली तर केली! लेक दीक्षा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे ती याच नोकरीवर, हे त्या शहाण्यांना कोण सांगणार?

त्याचं एक पान निघोजेजवळच्या एका कंपनीच्या गेटवर चालतं. ठेक्यावरचा कामगार कार्ड लावतो, पडद्यावर नाव उमटतं. हिरवं आलं तर आत, लाल आलं तर घरी. त्या मंगळवारी सातच्या शिफ्टला एकशे चाळीस माणसं ओळीने लाल झाली.

पहिला फोन नूरमोहम्मदचा. टूलरूममध्ये दोघे एकाच बाकावर डबा खायचे, आता नूरमोहम्मद त्या कंपनीत ठेक्यावर वेल्डिंग करतो.

"भीमराज, काय केलंस राव? वॉचमन मला म्हणतो, तू बंद आहेस. अरे, मी जिता-जागता उभा हाय की इथं!"

"थांब, बघतो. कुणाला घरी जाऊ देऊ नकोस."

घोळ रंगाचा, म्हणून त्याने आधी पानाचं रंगरूप ठरवणारी स्टाइलची फाइल उघडली. तिच्यातही अटी असतात, छोट्या पडद्यावर असं दिसावं, मोठ्यावर तसं. त्याने कंस मोजले, 'अँड' या शब्दापुढची मोकळी जागासुद्धा तपासली. सगळं जागच्या जागी होतं. मग पानाचा साचा उघडला. काल संध्याकाळी त्यानेच त्यात हात घातला होता आणि अट लिहिताना दोन बरोबरच्या चिन्हांऐवजी एकच टाकलं होतं. दोन बरोबर म्हणजे विचारणा, हा माणूस बंद आहे का? एक बरोबर म्हणजे हुकूम, या माणसाला बंद कर. मशीन बिचारं हुकमाचं ताबेदार, एकेकाला बंद करत सुटलं. भीमराजने चिन्ह वाढवलं, पान परत चढवलं, आणि पावणेआठला गेट हिरवं झालं.

साडेआठला ठेकेदाराच्या मॅनेजरचा फोन आला. भीमराज माफी मागायला लागला, तर त्याने मध्येच तोडलं.

"ते राहू द्या. अकरा नावं पाठवलीत. उद्यापासून ती लालच दिसली पाहिजेत."

"का, साहेब?"

"गेल्या महिन्यात अर्ज दिलाय त्यांनी. वेल्डिंगच्या धुराला पंखा पाहिजे म्हणे, नाहीतर सरकारी ऑफिसात जातो. आता कुणी विचारलंच तर सिस्टिमचा प्रॉब्लेम. आज सगळ्यांनी बघितलाय तो. आणि चूक तुमची होती, हे मी तुमच्या मालकांच्या कानावर घालत नाही."

यादीत चौथं नाव नूरमोहम्मदचं होतं.

भीमराजने नकार दिला, असं सांगता आलं असतं तर किती बरं झालं असतं. सत्तेचाळिसाव्या वर्षी दुसरीकडे कोण उभं करतं? दीक्षाची अजून दोन वर्षं बाकी होती. शेवटी त्याने अट लिहिली, ही अकरा नावं उद्यापासून लाल. चिन्हं दोन-दोन, कंस पुरे, नावांची अक्षरं काना-मात्रेसकट पडताळलेली. चालवून पाहिली, कुठे एक चूक सापडली नाही. त्याला स्वतःची किळस आली.

चारच्या सुमाराला शिफ्ट सुटल्यावर नूरमोहम्मदचा फोन आला.

"वाचवलंस भावा! सगळ्यांना सांगितलं मी, आपला माणूस हाय तिकडं. पक्कं दुरुस्त झालं ना?"

"झालं."

"मग ठीक. उद्या सकाळी पोरीच्या, मंतशाच्या शाळेत बोलावलंय, पण ते घरचीवर सोडतो. उगाच खाडा नको."

"जा तू कामाला," भीमराज म्हणाला.