बिनखिळ्याचं घर

शेजारचे कर्नलसाहेब गेले. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांचा फोटो लावायला मी ड्रिल घेऊन गेलो. जमिनीपासून बरोबर साडेपाच फुटांवर पेन्सिलीने खूण केली आणि तेव्हा लक्षात आलं, निवृत्तीनंतर अकरा वर्षं ते ज्या घरात राहिले, त्या घरात एकाही भिंतीला खिळा नव्हता. मुलींची लग्नं, नातवाचं बारसं, सगळे फोटो कपाटांना टेकवलेले.

"चौदा बदल्या झाल्या आमच्या," वहिनी म्हणाल्या. "क्वार्टरची भिंत मिळाली तशीच परत द्यायची, ही सवय. मी चिडायचे, अहो, हे घर आपलं आहे! तर म्हणायचे, 'मारू गं, रविवारी मारू.'"

मी ड्रिल खुणेवर टेकवलं.

"थांबा भाऊजी," त्या घाईने म्हणाल्या. "राहू दे. खिळा मारला की बदल्या संपल्याच म्हणायच्या."

त्यांनी फोटो कपाटाला, नातवाच्या शेजारी टेकवला. मी खूण खोडरबराने पुसली, तरी थोडी राहिलीच.

आपण खिळा मारतो तेव्हा कायमचा मुक्काम धरून चालतो. घरी येऊन मी हॉलमधले खिळे मोजले. एकोणीस भरले. तेव्हापासून एका जागी बसवत नाही.