काकांचं खातं

कचेरीतल्या साडेचारशे कॉम्प्युटरांची देखभाल ताई आणि काका अशी दोघंच करत. काका तिच्याहून वीस वर्षांनी मोठे. केबल कशी सोलायची इथपासून सगळं तिला त्यांनीच शिकवलेलं. तीन आठवड्यांपूर्वी जेवणाच्या सुट्टीत बसल्याजागीच ते गेले. शुक्रवारी आस्थापना विभागाचं पत्र आलं, मृत कर्मचाऱ्याचं लॉगिनचं खातं बंद करावं. ताईनं मन घट्ट केलं आणि बंद करून टाकलं.

सोमवारी सकाळी देखरेखीच्या स्क्रीनवर एक सर्व्हर दिसेना. तोही साधासुधा नव्हे, सगळ्यांची नावं नि पासवर्ड सांभाळणारा डिरेक्टरी सर्व्हर. लोकांचं लॉगिन सुरळीत चालू होतं, म्हणजे तो धडधाकट होता. पण उद्या बंद पडला असता तर कुणाला पत्ताही लागला नसता.

ती तळघरात जाऊन आली. दिवे हिरवे, केबल घट्ट. मग नोंदी चाळत बसली, तेव्हा कुठे दुपारी उलगडा झाला. स्क्रीनवरचा प्रोग्रॅम सर्व्हरची खबर काकांच्या नावानं विचारत होता. कधीतरी घाईत त्यांनी स्वतःचंच खातं तिथं घातलं होतं, ते तसंच राहून गेलं.

"मला मात्र यावरून किती बोलायचात, काका," ती पुटपुटली.

साहेब मागे येऊन उभे होते. "किती वेळ लागेल?"

"नव्या खात्याला मंजुरी लागते. उद्या होईल."

"तोवर त्यांचंच चालू कर की."

तिनं केलं. सर्व्हर लगेच स्क्रीनवर परत दिसू लागला. पाचच मिनिटांत वरच्या मजल्यावरून टायपिस्टबाईंचा फोन.

"ताई, फोनच्या यादीत काकांचं नाव परत आलंय गं."

"चुकून आलंय. उद्या जाईल."

बाईंनी फोन ठेवला. 

दुसऱ्या दिवशी मंजुरी आली. ताईनं नवं खातं काढलं, देखरेखीच्या प्रोग्रॅमला जोडलं, दोनदा तपासलं. मग काकांचं बंद करायला घेतलं. शुक्रवारी एका दमात जमलं होतं. आज बोट पुढे होईना. शेवटी केलं.

संध्याकाळी झाल्या प्रकाराच्या अहवालाचा फॉर्म भरायचा होता. "चूक कोणाची?" या रकान्यात तिनं स्वतःचं नाव लिहिलं. साहेबांनी वाचलं, चष्म्यावरून तिच्याकडे एकदा पाहिलं आणि सही केली. तिच्या वर्षअखेरच्या शेऱ्यात ते उतरलंच.